भाऊबिजेपूर्वी वायफाय सुरू झाल्याबद्दल

चँडलर, अ‍ॅरिझोना
दसऱ्याचा दुसरा दिवस, एकादशी (उपास)

तीर्थरूप दादा यांस,

चँडलरहून शरयूचा साष्टांग नमस्कार पोचावा. (गुडघे बदलल्यापासून माझा नमस्कार कमरेपर्यंतच जातो, बाकीची अंगं तू मनाने धरून घे.) सौ. वहिनींनाही नमस्कार सांग. तुझी शुगर कशी आहे? साताऱ्यात थंडी पडायला लागली की तुझा खोकला सुरू होतो, तो यंदा झाला का? हे सगळं विचारते आहे, कारण तू सणासुदीला पणतीचं नाहीतर गुढीचं चित्र पाठवतोस, आणि त्यावरून शुगर कळत नाही. आम्ही दोघं बरे आहोत. ऑक्टोबर लागला तरी इथे दुपारी अंगणातल्या खडीवर अनवाणी पाय ठेवायची सोय नाही, आणि दारातल्या निवडुंगाला यंदा कोणत्या तरी पक्ष्याने भोक पाडलं आहे. एवढीच बातमी.

आता इतक्या वर्षांनी शरयूने कागद-पेन का काढलं, असं तुझ्या मनात आलं असेल. (चेहऱ्यावर आलं नसेल. ते मला ठाऊक आहे.) तू जन्मभर कोर्टात शिरस्तेदार होतास, तुला प्रकरण क्रमवार लागतं. मधलं पान गळलेलं तुला खपत नाही. म्हणून सुरुवातीपासून लिहिते. तू चष्मा लावून बैस.

प्रकरण सुरू झालं पितृपक्षात. इथे सणांची तारीख काढायची म्हणजे एक त्रांगडंच असतं. तिथी सूर्योदयावर, आणि सूर्य तुमच्याकडे आधी उगवतो, आमच्याकडे साडेबारा तासांनी. त्यामुळे तुमची भाऊबीज गुरुवारी तर आमची बुधवारी की गुरुवारीच, यावर दरवर्षी वाद. देवळातले गुरुजी एक सांगतात, आमच्या महाराष्ट्र मंडळाचं कॅलेंडर दुसरं सांगतं, आणि तुझे मेहुणे म्हणतात की ज्या दिवशी पार्किंग मिळेल तो सण. मला यंदा भाऊबीज अगदी बिनचूक दिवशी करायची होती. का, ते पुढे येईल. म्हणून मी संगणकावर ‘आपल्या गावच्या सूर्योदयाप्रमाणे पंचांग, संपूर्ण मोफत’ असं शोधलं. ते मिळालंही. त्यावर गणपतीचं चित्र होतं, दादा! गणपतीचं चित्र बघून कोण संशय घेतं? खाली हिरवंगार बटण होतं, ते मी दाबलं. पितृपक्षात नवी वस्तू घरात आणू नये म्हणतात, त्यात डाउनलोडही धरायला हवं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पडदा लाल झाला. भोंगा वाजायला लागला आणि एक बाई इंग्रजीत बजावू लागली की संगणकाला हात लावू नका, तुमचं सगळं धोक्यात आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा. मी तिला दोनदा ‘ओके मॅडम’ म्हटलं. (घाबरलं की माझ्या तोंडून इंग्रजी येतं, हे तुला माझ्या मॅट्रिकच्या तोंडी परीक्षेपासून माहीत आहे.) तेवढ्यात तुझे मेहुणे धावत आले आणि त्यांनी भिंतीतली वायरच उपटली. बाई बंद झाली. नंबर फिरवला नाही, तेवढी आईची कृपा. पण मशीन पुन्हा लावलं तर आतली एकही फाईल उघडेना. हे दोन दिवस त्याच्यासमोर बसले आणि शेवटी गंभीर होऊन म्हणाले, पुसावा लागेल. पुसला. पाटी पुसावी तसा कोरा केला. माझी लोणच्यांची प्रमाणं गेली, मंडळाच्या हळदीकुंकवाच्या याद्या गेल्या, यांच्या निवृत्तीच्या दिवशीचं भाषण गेलं. (ते परत मिळवायचा प्रयत्न कोणी केला नाही.) आईचे फोटो आमच्या रुचाकडे फ्रीमाँटला आहेत, त्यांना काही झालेलं नाही. तू घाबरू नकोस.

पुसल्यावर संगणक लख्ख झाला, पण त्याला वायफाय दिसेना. घरात वायफाय आहे, माझ्या फोनला दिसतं, यांच्या घड्याळाला दिसतं, शेजारणीच्या दाराच्या कॅमेऱ्यालासुद्धा दिसत असेल. फक्त याला दिसत नव्हतं. आता इथे तुला तुझ्या मेहुण्यांची मनःस्थिती समजून घ्यावी लागेल. मोरेश्वर दामोदर, अठ्ठावीस वर्षं चिपांच्या कारखान्यात, भिंतीवर गौरवाच्या तीन पाट्या, एका पेटंटवर पाचवं नाव. जगातल्या निम्म्या संगणकांच्या पोटात आपण आहोत अशी त्यांची समजूत आहे, आणि घरातला एक संगणक त्यांना जुमानत नव्हता. मी एकदाच म्हटलं, कोणाला तरी बोलवू या का. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जाऊन भाजी निवडत बसले.

मग निदान झालं. म्हणे संगणकाला वायफाय कसं वापरायचं हे शिकवणारी एक छोटी फाईल असते, ड्रायव्हर म्हणतात तिला. पुसताना तीही पुसली गेली. मग आणा की ती, मी म्हटलं. कुठून? तर इंटरनेटवरून. आणि इंटरनेट येणार कशावरून? तर त्या फाईलवरून. विहिरीतून वर यायची शिडी घरात, आणि घराची किल्ली विहिरीतल्या माणसाच्या खिशात! हे मी शांतपणे बोलून दाखवलं. हे म्हणाले, तू टोमणे मारू नकोस. मी टोमणा मारला नव्हता, मी समजून घेत होते.

दुसरा मार्ग वायरीचा. स्वयंपाकघरात फ्रिजवर ते वायफायचं डबडं असतं, तिथून अभ्यासाच्या खोलीपर्यंत यांनी निळी वायर ओढली. ती ओट्यावरून, देवघराच्या पायाशी, सोफ्याखालून अशी गेली. चार दिवस मी गुडघे उचलून ती ओलांडत होते, नैवेद्याचं ताट हातात घेऊन. पण संगणकाच्या मागच्या खाचेत तिचं टोक बसेचना. हे टॉर्च घेऊन मागे शिरले, आणि मग माझा भुवयांचा चिमटा मागितला. पाऊण तास आत काहीतरी चाललं होतं. नंतर त्यांनी मला हाक मारली. टेबलावर एक बशी ठेवली होती आणि बशीत तांदळाचे दाणे होते. एकोणीस. लालसर.

दादा, त्या अक्षता होत्या. तुझ्या.

तू पलीकडून फक्त माझं तोंड बघतोस, इकडची तयारी तुला दिसत नाही, म्हणून सांगते. आमचा संगणक म्हणजे पडदा आणि यंत्र एकत्रच. भाऊबिजेला तुमच्याकडे रात्रीचे आठ, आमच्याकडे सकाळचे साडेसात. मी त्या टेबलासमोर पाट मांडते, रांगोळी घालते (गालिच्यावर घालता येत नाही म्हणून ट्रेमध्ये घालते), निरांजन लावते. तू पडद्यावर आलास की तुझ्या कपाळाच्या जागी काचेवर कुंकू लावते, सुपारी-अंगठी ओवाळते, आणि डोक्यावर म्हणून वरून अक्षता टाकते. काचेवरचं कुंकू नीट निघत नाही. मग आठवडाभर पडद्यावर जो येईल त्याला टिळा. एकदा यांच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनाही लागला होता. आणि अक्षता मागे घरंगळत असणार, हा विचार मला इतक्या वर्षांत शिवला नाही. त्या खाचेत जाऊन बसल्या, आणि दरवर्षी साफसफाईत मी मागून कापडाने दाबून दाबून त्यांना आणखी आत बसवलं. आतल्या बारीक पितळी तारा वाकून गेल्या. हे बशीकडे बोट दाखवून उभे राहिले, तुझ्या कोर्टात मुद्देमाल दाखवतात तसे. मी बशी उचलली आणि देवापुढे नेऊन ठेवली. काय करणार? अक्षता आहेत, कचऱ्यात कशा टाकू?

असे तीन आठवडे गेले. घटस्थापना झाली, अष्टमी झाली. शेवटी काल, दसऱ्याच्या सकाळी, रुचाचा फोन आला. हे तिला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत होते. तिने निम्म्यात थांबवून म्हटलं, “बाबा, जस्ट प्लग इन युअर फोन. यूज द फोन्स इंटरनेट.” झालं. म्हणजे फोन वायरीने संगणकाला जोडायचा, फोनच्या इंटरनेटवरून ती फाईल आणायची, की मग वायफाय सुरू. हे बराच वेळ खिडकीतून निवडुंगाकडे बघत राहिले. मग म्हणाले, हे मला सुचलं होतं, पण ते तत्त्वात बसत नव्हतं. दहा मिनिटांत काम झालं. तत्त्वाचं काय झालं, ते मी विचारलं नाही. दसरा होता. मी संगणकाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आपट्याची पानं इथे मिळत नाहीत म्हणून दारातल्या कुठल्याशा झाडाची दोन पानं ठेवली, आणि सगळं समोरच्या बाजूला ठेवलं. मागे काहीही नाही.

आता नीट वाच, दादा. इथपर्यंतचं वहिनींना मोठ्याने वाचून दाखवलंस तरी चालेल. इथून पुढचं तू एकटा वाच. (त्या नंतर वाचतीलच, ते मी गृहीत धरलं आहे.)

वायफाय आलं म्हटल्यावर चाचणी घ्यायची ठरली. हे शेजारच्या खोलीत गेले आणि स्वतःच्या फोनवरून त्यांनी संगणकावर व्हिडिओ कॉल लावला. मी पडद्यासमोर बसले. हे दिसले. मी विचारलं, चहा टाकू का? उत्तर नाही. पडद्यावर नुसता चेहरा. ओठ मिटलेले, डोळे माझ्यावर रोखलेले, एक भुवई वर. मी पुन्हा विचारलं, अहो, चहा टाकू का? तोच चेहरा. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तीन आठवडे मी हा पसारा सोसला आणि आता साध्या चहाच्या प्रश्नाला हा तोरा? मेलं ते वायफाय! मी बंद करायला हात पुढे केला, आणि भिंतीपलीकडून यांचा आवाज आला. हसत होते. अगदी खदखदून. “टाक की! आलं घाल भरपूर! अगं, ऐकू येतंय का? टाक, टाक!”

पडद्यावर मात्र तोच मख्ख चेहरा.

दादा, मी हात तसाच धरून बसून राहिले. चहा टाकायचा राहून गेला.

हे आत आले, त्यांनी कारण शोधलं. यांना कारण शोधायला फार आवडतं. मी खंडेनवमीला दिवाळीचे सात डबे काढून, घासून फ्रिजवर रचून ठेवले होते. त्या वायफायच्या डबड्याच्या पुढ्यात, ओळीने. तुला माहीत आहेत ते, आईने लग्नात दिलेले, नाव घातलेले, मोठे स्टीलचे. आडव्या स्टीलमागून त्या लहरी नीट जात नाहीत म्हणे. चित्र येतं आणि अडकतं. पलीकडचा माणूस बोलत असतो, हसत असतो, आणि आपल्याला जुनाच चेहरा दिसत राहतो. हे म्हणाले, दरवर्षी दिवाळीत नेट का रखडतं ते आज कळलं. एवढं बोलून हे डबे उतरवायला गेले. यांना यापलीकडे काही कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

गेल्या वर्षीची भाऊबीज तुला आठवत असेल. आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्याच्या आदल्या दिवाळीला सण नव्हता, म्हणून ती आईनंतरची आपली पहिलीच. मी आदल्या दिवशी चकल्या, चिवडा, शंकरपाळे करून सातही डबे भरून फ्रिजवर लावले होते. सकाळी तुला ओवाळलं. आणि वर्ष-दीड वर्ष मनात धरलेलं मी विचारून टाकलं, दादा, मी आईला शेवटचं बघायला आले नाही, त्याचा तुझ्या मनात राग आहे का?

तू काही बोलला नाहीस. तू माझ्याकडे बघत राहिलास. मी मोजलं नाही, पण निरांजनातली वात तडतडायला लागली तोपर्यंत मी थांबले होते. तुझा चेहरा एरवीही कुठे हलतो? चाळीस वर्षं भरल्या कोर्टात निकाल ऐकताना तू भुवई उचलली नाहीस. लग्नाच्या फोटोतसुद्धा तू साक्षीला आल्यासारखा उभा आहेस. मला कसं कळणार, की तू अडकलास की गप्प बसलास? मी उत्तर मिळालं असं समजले आणि बटण दाबून तुला बंद केलं. संध्याकाळी तुझं ‘शुभ दीपावली’ आणि पणतीचं चित्र आलं. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मग तुझा तिळगूळ, माझे हात. तुझी गुढी, माझे हात. वर्ष गेलं, दादा. एका आईची दोन लेकरं आपण, आणि वर्षभर चित्रांवर बोललो. म्हणून यंदाची भाऊबीज मला एका दिवसानेही चुकवायची नव्हती.

कोर्टात अर्धवट सांगितलं की तू चिडायचास, म्हणून राहिलेलंही सांगते. गुडघ्यांच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते, आणि डॉक्टर विमानाला नको म्हणाले, हे खरं आहे. पण मी त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही, हेही खरं आहे. व्हीलचेअरवर घालून लोक नेतात, मला माहीत होतं. मला आईला तसं बघायची भीती वाटली. डॉक्टर नको म्हणाले तेव्हा मला क्षणभर सुटल्यासारखं झालं, आणि त्या क्षणाची मला अजून लाज वाटते. तू एकट्याने सगळं केलंस. एकट्याने खांदा दिलास, एकट्याने राख सावडलीस. तुला राग असेल तर तो बरोबरच आहे. पण तो तुझ्या तोंडून ऐकू दे. अडकलेल्या चित्रावरून मी तो धरून बसले, हे मात्र माझं चुकलं.

बाकी इकडे क्षेम. वहिनींच्या कमरेला तिळाचं तेल कोमट करून लावायला सांग. तू रात्रीचा भात कमी कर. पत्रात काही कमी-जास्त बोलले असेन तर धाकटी म्हणून पोटात घाल.

तुझी,
शरयू

ता. क. डबे खाली उतरवले आहेत. यंदा फराळ जमिनीवर राहील, मुंग्या लागल्या तर लागू देत. ‘आईच आडवी आली म्हणायची,’ असं मी यांना म्हटलं. यांना अर्थ कळला नाही, पण ते सातही डबे एकेक करून, दोन्ही हातांनी धरून त्यांनी खाली ठेवले.

ता. क. २. पत्र वाचून तुझ्या लक्षात येण्याआधी मीच कबूल करते. या तीन आठवड्यांत माझा फोन एक मिनिटही बंद नव्हता. त्याच्या आधी वर्षभरही नव्हता. एवढ्याशा फोनवर ओवाळायचं म्हणजे बाहुला-बाहुलीचं लग्न, असं मी यांना सांगत होते. ती सबब होती. मी फोन केला नाही. (तूही केला नाहीस, हे तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून.)

ता. क. ३. सोबत कागदाच्या पुडीत अक्षता आहेत. बशीतल्याच, एकोणीस. हे म्हणतात, पोस्टातून धान्य पाठवू नये, पण हे धान्य नाही. त्या तुझ्याच डोक्यावर टाकलेल्या होत्या, वाटेत अडकल्या. वहिनींना सांग, तुझ्या डोक्यावर टाकतील.

ता. क. ४. भाऊबीज गुरुवारीच. गुरुजींना विचारलं, पंचांग उघडलं नाही. तुमच्याकडचे रात्रीचे आठ. आधी ओवाळीन, मग तोच प्रश्न पुन्हा विचारीन. उत्तर तुला जे द्यायचं असेल ते दे. राग आहे म्हणालास तरी मी बटण दाबणार नाही. पण दादा, उत्तर देण्याआधी फक्त एकदा हात हलव.